गणपतीला येणारी गाडी : धोका खड्ड्यात कमी, रस्ता बदलतो तिथे जास्त

रत्नागिरी : २०२५ मध्ये गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. शुक्रवारच्या रात्रीपासूनच मुंबई, ठाणे, वसई-विरार आणि पुण्याकडून गाड्या कोकणाकडे सुटणार होत्या. एसटीच्या जादा बस, खासगी ट्रॅव्हल्स, भाड्याच्या इको-तवेरा, घरच्या कार आणि बायको-पोरांना मागे बसवून निघालेल्या मोटारसायकली. खेडपासून राजापूरपर्यंत वर्षभर कुलूप लावलेली घरे चार दिवसांत उघडणार होती.

मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्या दर गणपतीला एकाच साच्यातल्या असतात. खड्डे किती, मंत्र्यांचा पाहणी दौरा कधी, ठेकेदाराला तंबी काय दिली. खड्ड्याचा राग खराच आहे. कंबर मोडते, टायर फुटतो, दुचाकीवाला पडतो. पण या रस्त्यावर माणसे कुठे आणि कशी मरतात हे नीट पाहिले तर खड्ड्याच्या पलीकडची एक गोष्ट दिसते. जिथे रस्ता अचानक बदलतो तिथे धोका सगळ्यात जास्त आहे. चौपदरी संपून दुपदरी सुरू होतो तिथे, नवा काँक्रीट रस्ता सोडून जुन्या डांबरीवर उतरावे लागते तिथे, पुलाचे काम चालू म्हणून गाडी बाजूच्या सर्व्हिस रोडला वळवली जाते तिथे. त्यात रात्र असली, पाऊस असला आणि ड्रायव्हर दहा तास जागा असला की मग नशिबावरच काम राहते.

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात महाराष्ट्रातली १५,२२४. खड्ड्यांमुळे झालेले मृत्यू त्या अहवालात १,८५६ आहेत, म्हणजे शंभरात साधारण एक. अतिवेगाच्या नावावर मात्र शंभरातले ७१ मृत्यू आहेत. मेलेल्यांत दुचाकीवरचे जवळपास ४५ टक्के. पायी चालणारे १९ टक्क्यांहून जास्त.

हे आकडे वाचून ‘म्हणजे चूक ड्रायव्हरचीच’ असे म्हणणे सोपे आहे. पण कारण लिहिले कसे जाते ते बघायला पाहिजे. अपघात झाला की पोलिसांच्या कागदावर बहुतेक वेळा ‘भरधाव व हयगयीने वाहन चालवून’ हे ठरलेले वाक्य येते. समोर वळणाचा फलक होता का, बॅरिकेडला रिफ्लेक्टर होता का, रस्त्यावर पांढरा पट्टा होता का, याची नोंद क्वचित होते. ८० च्या वेगाने चौपदरीवरून येणाऱ्या माणसाला पुढे ३० चा रस्ता आहे हे कुणी सांगितलेच नाही, तर तो वेग ‘अतिवेग’ ठरतो खरा, पण त्यातला अर्धा दोष न लावलेल्या फलकाचा असतो.

साधा हिशेब आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. डिपरचा उजेड साधारण ४०-५० मीटर पडतो. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ३० मीटर तिथेच संपले. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्यापेक्षा बरेच जास्त अंतर लागते, टायर गुळगुळीत झालेला असेल तर आणखी. म्हणजे दिवसा दोनशे मीटरवरून दिसणारे बॅरिकेड रात्री पावसात दिसते तेव्हा ब्रेक मारून उपयोग राहिलेला नसतो. ताशी ४० ला हाच हिशेब जमतो, ८० ला जमत नाही.

अपघातांची वेळ बघा

या मार्गावरचे तीन मोठे अपघात सगळ्यांना आठवतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस अंधारात सरळ नदीत गेल्या. १९ जानेवारी २०२३ ला माणगावजवळ रेपोली इथे ट्रक आणि इकोची समोरासमोर धडक झाली, इकोतल्या नऊ जणांचा जागीच अंत झाला. ती वेळ पहाटे पाचच्या आसपासची. १९ मे २०२५ रोजी भरणे नाक्याजवळ जगबुडीच्या पुलावरून कार खाली नदीपात्रात कोसळली आणि पाच जण गेले. गाडी मुंबईकडून देवरुखकडे नातेवाइकाच्या अंत्यविधीला निघाली होती. ती वेळही पहाटेचीच.

तिघांची कारणे वेगळी आहेत. एक पूल जुना, एक समोरासमोरची धडक, एक पुलावरून घसरलेली गाडी. पण तिन्ही वेळा अंधार होता आणि प्रवास रात्रीचा होता. पहाटे तीन ते सहा या वेळेत माणसाचे शरीर झोप मागतेच. कितीही चहा प्या, गाडी चालवणारा उघड्या डोळ्यांनी दोन-तीन सेकंद झोपतो आणि त्याला ते कळतही नाही. मुंबईहून रात्री नऊ-दहाला निघालेली गाडी कोंडी काढत काढत नेमकी याच वेळेला कशेडी, भरणे, चिपळूणच्या पट्ट्यात येते. म्हणजे चालक सगळ्यात दमलेला असतो तेव्हाच रस्ता सगळ्यात जास्त बदलतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला न सांगता कळते, गाडीवाल्याच्या ध्यानात येत नाही. गणपती बसतो शुद्ध चतुर्थीला. त्याच्या आधीचे तीन-चार दिवस म्हणजे अमावास्या आणि प्रतिपदा. २०२५ मध्ये पिठोरी अमावास्या शुक्रवारी, २२ तारखेला होती, म्हणजे नेमकी गाड्या सुटायच्या रात्री. चाकरमान्याचा येण्याचा प्रवास दरवर्षी महिन्यातल्या सगळ्यात काळोख्या रात्रींत होतो. वर ढग, खाली ओला रस्ता, समोरच्या गाडीचे लाइट डोळ्यात. शिवाय २०२५ मध्ये चतुर्थी ऑगस्टमध्येच आली होती. २०२४ ला ती ७ सप्टेंबरला होती, २०२३ ला १९ सप्टेंबरला. पावसाचा जोर ऑगस्टअखेर कमी होईलच अशी खात्री कोकणात कुणी देत नाही.

फलक लावायची जबाबदारी कुणाची

पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा रुंद करायचे काम २०११ ला सुरू झाले. म्हणजे त्या वर्षी पहिलीत बसलेले पोर आता नोकरीला लागले. दरम्यान तारखा किती झाल्या याची गणतीच नको. अ‍ॅड. ओवेस पेचकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावण्या झाल्या, डिसेंबर २०२३ ची मुदत सांगितली गेली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जूनपर्यंत काम पूर्ण होईल असे सांगितले. जून गेला. माणगाव-इंदापूरचे बायपास, चिपळूण, संगमेश्वर, पाली, लांजा इथली कामे २०२५ च्या गणपतीपर्यंत अपुरीच होती. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरच्या उड्डाणपुलाचा काही भाग १६ ऑक्टोबर २०२३ ला काम चालू असतानाच कोसळला होता, त्याचे काम मग नव्याने आखावे लागले.

जे झाले तेही सांगायला हवे. सिंधुदुर्गातला बराचसा रस्ता आधीच झाला. कशेडी घाटातला जुना वळणावळणाचा वेळ बोगद्यामुळे वाचतो. पण अर्धवट रस्ता हा पूर्ण खराब रस्त्यापेक्षा काही बाबतीत जास्त धोकादायक असतो. पूर्ण खराब रस्त्यावर माणूस आपोआप हळू चालवतो. अर्धवट रस्त्यावर दहा किलोमीटर सुसाट मिळाले की मघाची कोंडी भरून काढायची म्हणून पाय दाबला जातो. आणि तेवढ्यात पुढे मातीचा ढीग येतो.

यावर नियम नाही असे नाही. भारतीय रस्ते काँग्रेसची काम चालू असलेल्या रस्त्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, एसपी ५५ या नावाची. तिचे सांगणे सोपे आहे. काम जिथे आहे तिथे फलक लावून भागत नाही. त्याच्या बरेच अलीकडे सूचना सुरू झाली पाहिजे, मग रस्ता हळूहळू अरुंद होत गेला पाहिजे, मग कामाची जागा, आणि शेवटी ‘काम संपले’ हे सांगणारा टप्पा. रात्री दिसतील असे रिफ्लेक्टर, लुकलुकणारे दिवे आणि गरज पडेल तिथे झेंडा घेतलेला माणूस. आता हे वाचून आपल्या गावाजवळचे वळण डोळ्यांपुढे आणा. दोन पिंपे, एक दोरी आणि चिखलाने माखलेला बाण. पहिल्या मोठ्या पावसात पिंप आडवे होते आणि चतुर्थीपर्यंत तसेच पडून राहते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेकडो कोटींच्या कामात एक लाख म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तरीही कलम आहे, आणि ते वापरायचे तर पुरावा लागतो. त्याबद्दल पुढे येईलच.

पाऊस मुंबईत नाही, घाटात बघा

निघताना बहुतेक जण खिडकीतून बाहेर बघतात. अंधेरीत ऊन पडले आहे म्हणून गाडी काढतात आणि पोलादपूरला ढगफुटीसारखा पाऊस लागतो. हवामान खात्याचा अंदाज जिल्हावार येतो, तो रायगड आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांचा बघावा. पुण्याकडून येणाऱ्याने साताऱ्याचा आणि कोल्हापूरचा घाटमाथाही बघावा. खात्याच्या भाषेत ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, ‘अति मुसळधार’ म्हणजे ११५.६ च्या वर आणि ‘अत्यंत मुसळधार’ म्हणजे २०४.४ च्या वर. पिवळा इशारा असेल तर सावध राहून प्रवास करावा. नारिंगीला घाट रात्री टाळावा. लाल असेल तर आहे तिथेच थांबावे. यात कमीपणा काही नाही.

अमावास्येचा संबंध काळोखापुरता नाही. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाणाची भरती येते. वरून मोठा पाऊस आणि खालून भरती असली की वाशिष्ठी आणि जगबुडीचे पाणी समुद्राकडे लवकर उतरत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले ते गुरुपौर्णिमेच्या तोंडावरच. त्या पुरात महामार्गावरच्या जुन्या वाशिष्ठी पुलाचा भागही खचला होता. २०२५ मध्ये गाड्यांची गर्दी आणि उधाणाचे दिवस एकत्र आले होते. पाऊस लागून राहिला तर भरतीची वेळ विचारून मगच खेड-चिपळूण गाठावे.

मोरीवरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर ‘एवढेसे तर आहे’ म्हणून गाडी घालू नये. फूटभर वाहते पाणी छोटी कार बाजूला ढकलू शकते, दुचाकीला तर त्याहून कमी पुरते. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला आहे हे वरून दिसत नाही. सावित्रीच्या रात्री हेच झाले, पूल नाही हे कुणालाच दिसले नाही.

घाटात डोंगराच्या बाजूने अचानक लाल पाणी यायला लागले, बारीक दगड सुटायला लागले, झाड किंवा विजेचा खांब कलला, तर ती दरडीची सूचना असते. अशा जागी गाडी थांबवून फोटो काढू नये, चहासाठी तर मुळीच थांबू नये. परशुराम घाटात २०२२ च्या पावसाळ्यात दरडींमुळे वाहतूक पुन्हा पुन्हा बंद ठेवावी लागली होती.

मोबाइलवरचा नकाशा हा आता नवा वाटाड्या झाला आहे. कोंडी दिसली की तो आडवाट दाखवतो. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो, खेडचा रघुवीर घाट दरडींचा, आंबा घाटाकडच्या मिऱ्या-नागपूर महामार्गाचे काम २०२५ मध्ये चालू होते. नकाशाला कोंडी कळते, दरड कळेलच असे नाही. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरला सहलीला निघालेली माणसे होती ती, त्यातला एकच वाचला. दिवसाढवळ्या, ओळखीच्या घाटात. आडवाटेने जायचेच असेल तर त्या वाटेवरच्या गावात कुणाला तरी आधी फोन करावा.

गावाहून जाणारा फोन

यात गावाने काय करायचे, हा प्रश्न इथून सुरू होतो. चाकरमान्याच्या गाडीतली घाई मुंबईत जेवढी तयार होते तेवढीच गावातही तयार होते. ‘कुठवर आलास?’ ‘अजून माणगावच?’ ‘आरतीला तरी पोच.’ घरच्यांना काळजी असते म्हणूनच ते विचारतात. पण दर अर्ध्या तासाने वाजणारा फोन चालकाच्या पायावर वजन टाकतो. बरेच जण तो चालवता चालवताच उचलतात. चार वाडीतल्या नातेवाइकांनी चार वेळा विचारले तर सोळा फोन होतात.

त्यापेक्षा एकानेच फोन करावा, तोही गाडी चालवत नसलेल्याला. आणि विचारायच्या ऐवजी सांगावे. नाक्यावर पाणी आले आहे का, पुलाखालचा सर्व्हिस रोड चालू आहे का, गावाच्या फाट्यावर साइडपट्टी खचली आहे का. मंत्रालयातल्या नकाशाला, मोबाइलला आणि पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला जे माहीत नसते ते फाट्यावरच्या टपरीवाल्याला माहीत असते. सकाळ-संध्याकाळ आपल्या फाट्याचा एक फोटो, त्यावर तारीख-वेळ, वाडीच्या ग्रुपवर टाकला तर त्याचा उपयोग पन्नास शुभेच्छांच्या मेसेजपेक्षा जास्त. जुना व्हिडिओ मात्र पुढे ढकलू नये. मागच्या वर्षीचा पूर या वर्षी फिरवला की लोक खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

पूजेची वेळ हा दुसरा दबाव. मुंबईचा भाऊ आल्याशिवाय मूर्ती बसवायची नाही असा काही घरांत हट्ट असतो. गावातला भाऊ आहेच की, पूजा त्याच्या हातून झाली म्हणून बाप्पा रागावत नाही. यायचेच तर मंगळवारच्या रात्री निघून चतुर्थीच्या पहाटे पोचायचा बेत सगळ्यात वाईट. त्यापेक्षा शनिवारी किंवा रविवारी पहाटे पाच-सहाला निघून उजेडात पोचावे. रजा नसेल तर एसटी किंवा रेल्वे. एसटीचा चालक या रस्त्याचा सरावलेला असतो, आपण वर्षातून दोनदा येतो. कोकण रेल्वेने २०२५ मध्ये कार वाहून नेणारी सेवाही कोलाड ते वेर्णा अशी जाहीर केली होती, पण एका कारला ७,८७५ रुपये भाडे आणि थांबे मोजके, त्यामुळे खेड-चिपळूणच्या माणसाला तिचा उपयोग नव्हता.

भाड्याने गाडी ठरवताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, हा चालक काल कुठे होता. गणपतीच्या दिवसांत काही चालक एक खेप सोडून लगेच दुसरी आणायला परत जातात, दोन-दोन रात्री झोपत नाहीत. कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे, ती या चार दिवसांत कुणी बघत नाही, म्हणून आपणच बघावी. दोन, गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे का. पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. हजार-दीड हजार वाचवून लाखांचा खोळंबा होतो.

गावातल्या दुचाकीवाल्याचे काय

चर्चा चाकरमान्याची होते, पण या चार दिवसांत महामार्गावर रोजचा गावकरीही असतो. दूध घालायला जाणारा, मखराचे सामान आणायला निघालेला, मूर्ती डोक्यावर घेऊन शाळेतून आणणारी मंडळी, फाट्यावर एसटीची वाट बघणारी म्हातारी. रोज मोकळ्या असणाऱ्या रस्त्यावर अचानक दहापट गाड्या येतात आणि त्यातल्या निम्म्यांना गावाचा फाटा कुठे आहे हे माहीत नसते.

सर्व्हिस रोडवरून उलट्या बाजूने दोनशे मीटर जाणे ही सगळ्यांची सवय आहे, कारण पुढचा वळसा दोन किलोमीटरवर असतो. या दिवसांत ती सवय बंद ठेवावी. समोरून येणाऱ्याला दोन्ही दिशांची वाहतूक एकाच पट्ट्यावर आहे हेच कळलेले नसते. नव्या काँक्रीटची कड आणि जुना रस्ता यांत वीतभर उंचीचा फरक असतो. त्या कडेवरून दुचाकी तिरकी चढवली की चाक सरकते. चढायचे तर वेग कमी करून सरळ चढावे, नाहीतर चढूच नये. डंपरने सांडलेली लाल माती पहिल्या सरीत साबणासारखी होते, तिथे पुढचा ब्रेक दाबू नये. काळा रेनकोट रात्री दिसत नाही. पाठीवर आणि हेल्मेटला रिफ्लेक्टरची पट्टी लावली तर वीस-तीस रुपयांत काम होते. मूर्ती आणणाऱ्या मंडळींनी पुढे आणि मागे एकेक बॅटरीवाला ठेवावा.

कारवाल्यांचीही एक सवय घातक आहे. पाऊस वाढला की चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू करतात. मग ती गाडी वळणार आहे, थांबणार आहे की थांबलेलीच आहे, मागच्याला काहीच कळत नाही. पावसात हेडलाइट डिपरवर ठेवावा, वेग कमी करावा. चारही इंडिकेटर फक्त गाडी थांबलेली असताना.

अपघात झालाच तर

या रस्त्यावर अपघात झाला की सगळ्यात आधी पोचतो तो जवळच्या वाडीतला माणूस. पोलिसांचे झंझट मागे लागेल म्हणून तो मागे सरतो, हे आजही होते. कायदा आता त्याच्या बाजूने आहे. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या १३४-अ कलमानुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचीही नाही. उलट गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत २५,००० रुपये बक्षीस आहे, आधी ते ५,००० होते.

उपचाराचे पैसे कोण भरणार या भीतीने पहिला तास वाया जातो. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या प्रत्येक जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयात रोख न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयाने नकार दिला तर योजनेचे नाव घेऊन विचारावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हे तीन नंबर घरातल्या म्हाताऱ्यांच्या साध्या मोबाइलमध्येही भरून ठेवावेत. जखमीला उचलताना मान वाकडी होऊ देऊ नये, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे, पाणी पाजू नये. टँकर उलटला असेल तर बघायला जवळ जाऊ नये. जुलै २०२५ च्या अखेरीस हातखंब्याला गॅसचा टँकर उलटून गळती झाली, तेव्हा आसपासच्या घरांतली माणसे हलवावी लागली होती.

आणि पुराव्याची गोष्ट. जखमी हलवून झाले की रस्त्याचा फोटो काढावा. गाडीचा चेंदामेंदा सगळेच काढतात, फलक नसलेल्या वळणाचा कुणी काढत नाही. अलीकडे शंभर-दोनशे मीटरवर सूचना होती का, बॅरिकेडला रिफ्लेक्टर होता का, दिवा होता का, हे फोटोत आले पाहिजे. पंचनाम्यात तेवढे एक वाक्य लिहून घ्यायला नातेवाइकांनी सांगावे. त्या वाक्याशिवाय १९८-अ कलम कागदावरच राहते आणि गेलेला माणूस ‘हयगयीने’ गेला एवढेच रेकॉर्डला उरते. त्याहून बरे म्हणजे अपघाताची वाट न बघणे. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या वळणांचे फोटो आजच काढून तहसीलदार, महामार्ग विभाग आणि पोलीस ठाण्याला लेखी द्यावेत, पोच घ्यावी. पोच हातात असली की ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

परतीचा प्रवास

येताना सगळे सावध असतात, जाताना नसतात. २०२५ मध्ये गौरी-गणपतीचे विसर्जन मंगळवारी, २ सप्टेंबरला होते. नदीवरून घरी यायला रात्रीचे आठ-नऊ होतात, आणि बुधवारी सकाळी ड्युटी म्हणून लगेच गाडी काढली जाते. पाच-सहा दिवसांची जागरणे, भजने, पाहुणे, विसर्जनाचे नाचणे, आणि त्यावर रात्रभराची ड्रायव्हिंग. येण्याच्या प्रवासात निदान अंगात ताकद असते. जाताना तीही नसते. विसर्जनाच्या रात्री झोपून बुधवारी उजाडल्यावर निघाले तर एक खाडा होतो. तो खाडा गावाने भावाकडे, मुलाकडे, जावयाकडे हट्टाने मागावा.

महामार्ग कधी पूर्ण होईल ते गावाच्या हातात नाही. २०२५ मध्येच चौदा वर्षे झाली, आणखी एखादी तारीख येईल. पण गाडी किती वाजता सुटावी, गाडीत फोन किती वाजावेत आणि फाट्यावरचे आडवे झालेले पिंप आज संध्याकाळी उभे करून त्याला एक रिफ्लेक्टर बांधावा की नाही, एवढे मात्र गाव ठरवू शकते.